एकशे ब्याऐंशी शिक्के

मित्रांनो, मी एक जुनं वाफेचं इंजिन बोलतोय, आणि आज मला गोड बोलायचं नाही. आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना आधी उसासा टाकतात, मग जुन्या दिवसांच्या आठवणी काढतात आणि शेवटी हात जोडून म्हणतात, आमची काळजी घ्या. मला हात नाहीत. चाकं सहा आहेत, पण ती पन्नास वर्षांहून जास्त काळ एकाच जागी आहेत. तेव्हा जे झालं ते सरळ सांगतो.

मी तोक्योच्या पूर्वेला, नदीकाठच्या एका वस्तीतल्या मुलांच्या बागेत उभा आहे. घसरगुंडी एका बाजूला, वाळूचा हौद दुसऱ्या बाजूला आणि मध्ये मी. तुम्ही विचाराल, मग मराठी कुठे शिकलास? त्याचं श्रेय तुमच्याच माणसांना. माझ्यासमोर एक बाक आहे. जपानी माणूस त्या बाकावर बसला तर पुस्तक काढतो नाहीतर डुलक्या घेतो. गेल्या वीस वर्षांत पुण्या-मुंबईची इंजिनियर मंडळी या वस्तीत राहायला यायला लागली, आणि ती बाकावर बसून घरी फोन करतात. आईला, सासूला, पुण्यातल्या फ्लॅटच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला. अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात. इतकं ऐकल्यावर दगडालाही मराठी आली असती, मी तर लोखंड.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यातला. साल सांगितलं तर हसाल, पण तेव्हा जपानमध्ये रेल्वे येऊन वीस वर्षंही झाली नव्हती. इंजिन कसं बांधायचं हे इथे कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून ते विलायतेहून मागवायचे, जसं पूर्वी तुमच्याकडे चांगलं घड्याळ मागवायचे. जपानच्या रुळांमधलं अंतर इंग्लंडच्या रुळांपेक्षा कमी. त्यामुळे ज्या देशात मी जन्मलो तिथल्या रुळांवर माझी चाकं बसतच नव्हती. तिथे मी हातभरसुद्धा धावलो नाही. उभा केला, तपासला, सुटा केला, लाकडी खोक्यांत भरला आणि जहाजावर चढवला. जन्मभूमीशी माझा संबंध एवढाच.

योकोहामाला मला पुन्हा जोडलं. सुरुवातीला माझा ड्रायव्हर एक लालबुंद इंग्रज होता. तो जपानी फायरमनला हाक मारण्याऐवजी फावड्याच्या दांड्याने डिवचायचा. तो फायरमन वर्षभर मुकाट्याने कोळसा टाकत राहिला आणि साहेबाचे हात बघत राहिला. कोणत्या चढावर किती वाफ, कोणत्या पुलाआधी कुठला दांडा ओढायचा. एक दिवस साहेब मायदेशी गेला आणि फायरमन त्याच्या जागी उभा राहिला. त्या दिवशी मी जितका मऊ चाललो तितका पुन्हा कधी चाललो नाही. भाताच्या शेतातली माणसं कंबर सरळ करून माझ्याकडे बघायची. शाळेची पोरं बांधावरून माझ्याबरोबर पळायची. खोटं कशाला सांगू, मी फुगलो होतो.

फुगलेला उतरतोच. माझ्याहून मोठी इंजिनं अमेरिकेतून आली, जर्मनीतून आली, आणि मग जपानी लोकांनी स्वतःचीच बांधली, आमच्याहून चांगली. मला एका खडी वाहणाऱ्या छोट्या लाइनला विकलं. तिथून सिमेंटच्या कारखान्यात. पुढे युद्ध आलं तेव्हा पितळ गोळा करणारे आले आणि माझ्या पोटावरची पितळी पाटी काढून घेऊन गेले. त्या पाटीवर माझा कारखाना, माझं साल आणि माझा नंबर होता. माणसाचा जन्मदाखला हरवला तर तो निदान तोंडाने सांगू शकतो, मी फलाण्याचा. माझं काय?

१९७२ साली जपानच्या रेल्वेला शंभर वर्षं झाली आणि सगळ्यांना एकदम आम्हा म्हाताऱ्यांचं प्रेम आलं. जो तो म्हणू लागला, आमच्या बागेत एक इंजिन हवं. तसा मी इथे आलो. रिटायर झालेली रेल्वेची माणसं दर शरद ऋतूत येऊन मला काळा रंग द्यायची. चांगली माणसं होती, पण वयस्कर. गंज खरवडायचे कष्ट झेपायचे नाहीत, म्हणून गंजावरच रंग लावायची. खाली गंज, वर रंग, त्यावर पुन्हा रंग. लांबून मी नवरदेवासारखा दिसायचो आणि आतून सडत होतो. मग ती माणसंही एकेक करून कमी झाली. शेवटची दोन आली होती, मग एक, मग कोणीच नाही. माझ्याभोवती दोरी बांधली आणि ‘वर चढू नये’ अशी पाटी लावली.

आणि गेल्या सप्टेंबरात शशिकांतराव आले.

समोरच्या तीन नंबरच्या इमारतीत उत्तरा राहते. एका संशोधन संस्थेत ती धातूंवर काम करते. नवरा कंपनीच्या कामासाठी ओसाकाला, शनिवार-रविवारी घरी. मुलगी राधिका दहा वर्षांची, जपानी शाळेत जाणारी. तुम्ही तिला मराठीत विचारा, ती उत्तर जपानीत देणार. शशिकांतराव हे उत्तराचे वडील. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं फिटर होते. बायको गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून लेकीने तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी दोरी ओलांडली. छत्रीच्या दांड्याने माझं पुढचं चाक ठोकलं आणि कान लावला. मग दुसरं ठोकलं, मग तिसरं.

“अजून खणखणीत आहेस की रे,” ते म्हणाले.

पन्नास वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. या माणसाने विचारलं आणि उत्तरही ऐकून घेतलं. मित्रांनो, लोखंडालाही भरून येतं.

“आजोबा, दोरीच्या आत जायचं नाही,” राधिका जपानीत म्हणाली आणि इकडे तिकडे बघू लागली, कोणी पाहिलं तर काय घ्या.

“अगं, हे विलायती आहे! असली इंजिनं आमच्या बार्शी लाइनला होती. याचे नट बघ, याची घडण बघ. हे इथलं नाहीच.”

राधिकाला ते काही कळलं नाही. पण शशिकांतराव त्या दिवसापासून रोज यायला लागले. उत्तराने तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर आणून दिला. त्यांनी माझा पत्रा सोडून दिला, तो गेलेलाच होता. ते माझ्या चाकांना जोडणारा जाड दांडा घासत बसले. कारखान्यात प्रत्येक दांड्यावर इंजिनाचा नंबर ठोकतात, दुसऱ्याच्या अंगात जाऊ नये म्हणून. फिटरला हे माहीत असतं, पितळ चोरणाऱ्याला नसतं. रंगाचे पन्नास थर. त्यांना अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी चार आकडे दिसले.

ते दांड्यावर हात ठेवून लहान मुलासारखे हसले आणि ओरडले, “उत्तरा! सापडला! याचा जन्मदाखला सापडला!”

उत्तराने फोटो काढले, इंग्लंडमधल्या कारखान्याच्या जुन्या याद्या इंटरनेटवर शोधल्या, आणि नंबर जुळला. अशी सात आली होती. सहा कधीच वितळली. मी सातवा.

“बाबा, हे प्रॉपर्ली मांडलं ना, तर म्युझियमवाले नक्की इंटरेस्ट घेतील,” ती म्हणाली. “बागखात्याला मी लेटर लिहिते. पण जपानीत नीट लिहायला हवं. माझं जपानी लॅबपुरतं. आमच्या लॅबमधल्या कोबायाशी-सानना दाखवून घेते.”

“मग लिही की आजच.”

“लिहिते हो. इथे असं उठसूट नाही पाठवत.”

पत्राचा मसुदा कोबायाशी-सानकडे गेला; सान म्हणजे तुमच्याकडचं ‘राव’. त्यांनी नमस्काराच्या ओळी बदलल्या, हवामानाबद्दलचं वाक्य घातलं, मग ते रजेवर गेले. पत्र चांगलं व्हायला हवं होतं. ते फार चांगलं झालं. घाई करायची नाही, हे इथे आलेली तुमची माणसं लवकर शिकतात, आणि शिकली म्हणून खूशही असतात.

आता मी ज्या गोष्टीसाठी तोंड उघडलं ती सांगतो.

या वस्तीत एक रीत आहे. वस्तीची समिती काही सांगायचं असलं की एका फाइलीत कागद घालते आणि ती फाइल घरोघरी फिरते. दाराला अडकवलेली सापडते. आपण वाचायची, आपल्या नावासमोर शिक्का मारायचा आणि पुढच्या दाराला अडकवायची. उत्तराच्या घरी हे काम कंटाळवाणं म्हणून सगळ्यांनी टाळलेलं. शशिकांतराव आल्यावर ते तिने त्यांच्याकडे दिलं.

“बाबा, हा आपला शिक्का. फाइल आली की मारायचा आणि पुढे द्यायची.”

“काय लिहिलेलं असतं त्यात?”

“काही नसतं हो. कचऱ्याचे दिवस, गवत काढायचा रविवार, भूकंपाचं ड्रिल. मी पाच वर्षांत एकदाही वाचली नाही.”

शशिकांतरावांना मात्र त्या कामाचं अप्रूप वाटलं. लेकीच्या घरात चहाचा कप कुठे ठेवायचा हेसुद्धा त्यांना विचारावं लागायचं. एक काम तरी त्यांचं स्वतःचं होतं. ते शिक्का सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. पहिल्या फाइलीवर तो तिरका पडला. दुसऱ्या फाइलीवर अर्धाच उमटला. त्यांना ते लागलं. फिटर माणूस, हात वाकडा पडलेला चालत नाही.

तिसरी फाइल ऑक्टोबरात आली. त्यांचं घर इमारतीतलं शेवटचं, पुढचं घर बागेपलीकडच्या चार नंबरच्या इमारतीत. तेव्हा फाइल काखेत मारून ते आधी माझ्याकडे आले. माझ्या बाजूची फळी चांगली सपाट आहे. त्यांनी रुमालाने ती पुसली, फाइल उघडून तिच्यावर ठेवली आणि चष्मा लावला.

मला जपानी वाचता येतं, मित्रांनो. एवढी वर्षं इथे काढल्यावर कोणाला येणार नाही? कागद माझ्या अंगावर पसरलेला होता. त्यावर लिहिलं होतं: बागेतलं जुनं इंजिन गंजल्यामुळे मुलांना धोका आहे, ते काढून तिथे सायकलींसाठी जागा करायची आहे, कोणाची हरकत असल्यास वीस तारखेपर्यंत खालच्या रकान्यात लिहावं, शिक्का मारलेल्यांची संमती धरली जाईल.

अक्षरंच अक्षरं. माझं एक चित्र जरी त्यावर असतं! बोटभर, पोरं काढतात तसलं, धुराडं आणि चार चाकं. त्यांनी मला तेवढ्यावरून ओळखलं असतं.

रकाना कोरा होता. वर शिक्केच शिक्के, लालभडक, ओळीने. राधिकाच्या वर्गातल्या मुलांच्या आईबापांचे. मला दरवर्षी रंग देणाऱ्या माणसांच्या मुलांचे.

शशिकांतरावांनी नाव शोधलं. तेवढी अक्षरं त्यांना राधिकाने ओळखायला शिकवली होती. शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली, कोपर माझ्या फळीवर टेकवलं आणि मारला. उचलून पाहिलं.

“बघ,” ते मला म्हणाले, “आज सरळ आला.”

मी काय करणार होतो? माझ्यात वाफ असती तर शिट्टी फुंकली असती. पाणी नाही, कोळसा नाही, शिट्टीही कधीच काढून नेलेली. माझ्या अंगाचा टेबल करून माझा एकच मित्र माझ्या मरणावर सही करत होता, आणि किती मन लावून करत होता! मग त्यांनी फाइल बंद केली, पुढच्या दाराला नेऊन अडकवली आणि परत येऊन माझा दांडा घासायला बसले. त्या दिवशी ते गुणगुणत होते.

उत्तराचं पत्र चोवीस तारखेला पोचलं. आठवड्याने बागखात्याचे तानाबे-सान स्वतः बागेत आले. ते सभ्य गृहस्थ आहेत. आधी ते शशिकांतरावांपुढे वाकले, मग उत्तरापुढे, आणि मला तर वाटलं माझ्यापुढेही थोडं वाकले.

“पत्र फार सुंदर आहे,” ते म्हणाले. “नंबर सापडला ही मोठीच गोष्ट. वीस तारखेच्या आत कळलं असतं तर आम्ही सगळ्यांपुढे ठेवलं असतं.”

“वीस तारीख कसली?” उत्तराने विचारलं.

त्यांनी यादी दाखवली. एकशे ब्याऐंशी घरं, एकशे ब्याऐंशी शिक्के, एकही हरकत नाही. उत्तराचं बोट खाली सरकत गेलं आणि एका नावावर थांबलं. शशिकांतराव तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही. त्या पानावर सर्वांत सरळ शिक्का त्यांचाच होता.

“हा मी मारलाय,” ते म्हणाले. “उत्तरा, हा कागद कसला आहे?”

तिने सांगितलं. ते माझ्या फळीला धरून खाली बसले.

“त्यांना म्हणावं, चूक झाली. माझा शिक्का परत घेतो. मी लिहून देतो, अंगठा देतो.”

उत्तराने ते जपानीत सांगितलं, दोनदा सांगितलं. तानाबे-साननी दातांतून हवा आत ओढली. इथे असं केलं की समजायचं, नाही. एवढ्या घरांची संमती एकदा घेतली की पुन्हा दारोदार जाऊन ती उलगडायची म्हणजे सगळ्यांना त्रास. आणि कोणाला त्रास द्यायचा नाही, हा इथला धर्म आहे. मला त्रास होईल का, याचा रकाना त्या कागदावर नव्हता.

“बाबा, माझी चूक आहे,” ते गेल्यावर उत्तरा म्हणाली. “मीच म्हणाले होते, वाचायचं नसतं म्हणून.”

“तू म्हणालीस. मारला मी,” शशिकांतराव म्हणाले. “छत्तीस वर्षांत जॉब कार्ड वाचल्याशिवाय कधी सही केली नाही मी. एकदाही नाही.”

त्यानंतर पंधरा दिवस ते बागेत आले नाहीत.

आणि मग, मित्रांनो, माझा निरोप समारंभ झाला. हो, इथे तसा करतात. नोव्हेंबरातला रविवार, स्वच्छ ऊन. माझ्या गळ्यात कागदी फुलांची माळ आणि कापडी फलकावर ‘इतकी वर्षं मनापासून धन्यवाद’. राधिकाची बाई अख्खा वर्ग घेऊन आली. लोकांनी माझ्याबरोबर फोटो काढले. पन्नास वर्षांत जेवढी माणसं माझ्याकडे आली नसतील तेवढी त्या एका सकाळी आली. काही जणी डोळे पुसत होत्या. ज्यांचे शिक्के त्याच माणसांचे रुमाल. जिवंतपणी कोणी ढुंकून बघायचं नाही आणि मेल्यावर हार, ही रीत फक्त तुमच्याकडेच आहे असं समजू नका.

उत्तरा म्हणाली होती, जाऊ नका. शशिकांतराव म्हणाले, “मयताला जातोच की आपण.” ते इस्त्रीचा सदरा घालून आले. भारतातले जुने रेल्वेवाले आले आहेत हे समितीच्या अध्यक्षांना कळलं होतं. त्यांनी मोठ्या आदराने त्यांना पुढे बोलावलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. भाषांतराला राधिका उभी राहिली.

शशिकांतराव मराठीत बोलले. सावकाश, एकेक वाक्य.

“मी छत्तीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली. हे इंजिन दुरुस्त होण्यासारखं होतं. याचा नंबर मी शोधला. याला तोडायच्या कागदावर माझा शिक्का आहे. मला वाचता येत नव्हतं.” ते थांबले आणि त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “तुम्हा सगळ्यांना येत होतं.”

लोक हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होते. राधिकाने आईकडे पाहिलं. उत्तरा जमिनीकडे बघत होती. राधिकाने बाईंकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं, फुलांच्या माळेकडे पाहिलं. तिची मान लाल झाली. मग ती स्पष्ट, गोड जपानीत म्हणाली, “आजोबा म्हणतात, इंजिन-सान, इतकी वर्षं तुम्ही खूप कष्ट केले. आता आराम करा. तुम्हा सर्वांचे आभार.”

टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

“काय सांगितलंस गं?” शशिकांतरावांनी विचारलं.

“तुम्ही म्हणालात तेच, आजोबा,” राधिका म्हणाली. मराठीत म्हणाली.

ते टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडे बघत राहिले. असल्या बोलण्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही, एवढं कळायला जपानी यावी लागत नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांसारखे कमरेत वाकले आणि गर्दीतून बाहेर गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मंगळवारी त्यांचं विमान होतं.

राधिकावर रागावू नका. दहा वर्षांच्या पोरीने एवढ्या माणसांपुढे ते कसं बोलावं, जे मोठ्यांपैकी एकालाही त्या रकान्यात लिहिता आलं नाही? कोणी माझं वाईट चिंतलं नव्हतं. सगळी चांगली माणसं होती, आणि सगळ्यांनी मिळून मला संपवलं.

आज माझ्याभोवती पत्र्याचं कुंपण आहे. माळ अजून गळ्यात आहे, ती काढायची कोणाला आठवण झाली नाही. उद्या सकाळी गॅसकटर घेऊन माणसं येतील. मला वाचवा असं मी म्हणणार नाही, ती वेळ गेली. पण मित्रांनो, तुमच्याही गावात स्टेशनाबाहेर, शाळेच्या आवारात, एखाद्या बागेत माझ्यासारखं कोणी उभं असेल. त्याच्या निरोपाला फुलं घेऊन जाऊ नका. हरकत सांगायची मुदत असते, तेव्हा जा.